खुलं पत्र : उघाडीला नवं दार बसवणाऱ्या कमिटीला आणि खाडीत बोक्षी बांधणाऱ्या पोरांना

बांध कमिटीतले सगळे काका, दादा, आणि आमच्याच आळीतली बोक्षीवाली, म्हणजे खाडीत पिशवीसारखी जाळी लावणारी पोरं,

रामराम. ओळख द्यायची गरज नाही, मी तुमचीच माहेरवाशीण, वर्षातून तीनदा येते, गणपतीला, दिवाळीला आणि मे महिन्यात, आणि दर वेळी जाताना डब्यात वाळलेली कोलीम, म्हणजे जवळ्यासारखी बारीक सुकट, घेऊन जाते. प्राणिशास्त्र शिकवते कॉलेजात. आता "ही पोरगी पनवेलला राहून आपल्याला खाडी शिकवणार" असं कोणीतरी म्हणणार हे मला माहितीये, म्हणून आधीच सांगते, खाडी मला तुम्हीच शिकवलीत, मी फक्त त्यातला एक तुकडा पुस्तकाशी जोडून परत देतेय.

झालं असं की परवा गावच्या ग्रुपवर उघाडीच्या, म्हणजे बांधातून पाणी बाहेर काढायच्या वाटेच्या, नव्या दाराचा फोटो आला. लोखंडी, चकचकीत, कडेनी जाड रबर. खाली लिहिलं होतं, आता थेंबभर खारं पाणी आत येणार नाही. सगळ्यांनी अंगठे दिले, मीपण दिला. रात्री मात्र झोपच लागेना, कारण त्या "थेंबभर" शब्दानी डोकं खाल्लं, आणि सकाळी हे लिहायला बसले.

आधी एक स्पष्ट करते म्हणजे गैरसमज नको. बांधाच्या विरोधात मी नाही. बांधाला खांड गेली होती, म्हणजे भगदाड पडलं होतं, ते वर्ष मला आठवतंय, रात्री दोन वाजता सगळा गाव घमेली आणि पेंढे घेऊन बांधावर, बायका कंदील धरून उभ्या, आणि तरी पाणी आलंच. पुढचे तीन पावसाळे आमच्या तुकड्यात भात लागलं नाही, आजी मातीचा खडा जिभेला लावून बघायची, खारट लागला की थुंकायची आणि काही न बोलता घरी जायची. खारेपाटातला, म्हणजे खाडीलगतच्या बांधामागच्या जमिनीतला माणूस बांधाला नावं ठेवूच शकत नाही, आपली सगळी जमीन खाडीकडून मागून घेतलेली आहे. अलिबागजवळच्या ज्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ला संप केला आणि सहा वर्षं रेटला त्यांचीच ही माती, तिच्यात पीक काढणं म्हणजे काय असतं ते मला कोणी सांगायला नको.

पण दार आणि बांध यात फरक आहे. आणि माझं सगळं म्हणणं त्या दाराबद्दल आहे, त्यातूनही दिवसातल्या ठरावीक काही तासांबद्दल.

उघाडीचं दार कसं चालतं ते तुम्हाला माहितीच आहे, तरी पनवेल-मुंबईची पोरं हे वाचतील म्हणून लिहिते. दार वरून बिजागरीवर लटकतं, खाडीच्या बाजूला उघडतं. ओहोटीला खाडीचं पाणी उतरलं की आतलं पावसाचं पाणी दाराला ढकलून बाहेर जातं. भरतीला खाडीचं पाणी चढलं की तेच पाणी दाराला दाबून घट्ट बंद करतं. माणूस लागत नाही, वीज लागत नाही, कोणाच्या तरी पणजोबाच्या डोक्यातून निघालेली ही भारी गोष्ट आहे. गोव्यात खाजन शेतीत हेच दार आहे, तिकडे त्याला मानस म्हणतात.

आता गोम बघा. माशाचं पिल्लू येतं भरतीला. आणि आपलं दार बंद होतं भरतीला. म्हणजे पाहुणा ज्या वेळी दारात येतो बरोब्बर त्याच वेळी आपण कडी लावतो, आणि तो निघून गेल्यावर दार सताड उघडं टाकतो. दार उघडं असतं तेव्हा आतून पाण्याचा असा लोंढा येत असतो की करंगळीएवढ्या माशाला त्याच्या उलट पोहणं शक्यच नाही.

हे भरतीलाच का येतात, ओहोटीला का नाही, हे मी कॉलेजात दर वर्षी शिकवते आणि दर वर्षी मला स्वतःलाच नवल वाटतं, म्हणून थोडं लांबण लावते, कंटाळू नका.

कोळंबी घ्या. आपली खाडीतली पांढरी कोळंबी खाडीत जन्मत नाही. मोठी मादी बाहेर समुद्रात अंडी सोडते, लाखांनी, एका दिवसाच्या आत ती फुटतात, त्यातून निघालेला जीव कोळंबीसारखा दिसतपण नाही, आधी किड्यासारखा, मग वेगळाच, असे दोन-तीन अवतार बदलत दहा-बारा दिवसांनी तो बारक्या कोळंबीसारखा दिसायला लागतो. लांबी सेंटीमीटरच्या आसपास, अंग काचेसारखं, दोन काळे डोळे तेवढे दिसतात. या जिवाला आता समुद्रातून खाडीत, खाडीतून आत, अगदी आपल्या तिवरांपर्यंत यायचंय. पोहण्याचा वेग म्हणाल तर सेकंदाला जेमतेम काही सेंटीमीटर. आणि धरमतरच्या खाडीत उधाणाचं, म्हणजे अमावास्या-पुनवेच्या मोठ्या भरतीचं पाणी कसं पळतं ते होडीत बसलेल्याला विचारा. अशा पाण्यात पोहून कुठे जायचं म्हणजे एक्सप्रेस हायवेवर गोगलगायीनी चालत पुण्याला जाणं.

मग हे पिल्लू काय करतं, पोहतच नाही. गाडी पकडतं. भरतीचं पाणी वाहायला लागलं की तळातून वर येतं, वरच्या पळत्या पाण्यात अंग सोडून देतं आणि पाणी नेईल तिकडे आत जातं. ओहोटी लागली की खाली बुडी मारतं, तळाशी चिखलाजवळ बसतं, कारण तळाशी पाण्याला ब्रेक लागलेला असतो, वेग कमी असतो, तिथे धरून राहता येतं. पुढची भरती लागली की परत वर. सहा तास प्रवास, सहा तास मुक्काम. हिशोब करून बघा, पाण्याचा वेग सरासरी सेकंदाला अर्धा मीटर धरला तरी सहा तासांत दहा किलोमीटर होतात, स्वतः हातपाय न हलवता. आणि ओहोटीला वरच राहिलं तर तेच दहा किलोमीटर उलटे. म्हणजे सगळी अक्कल एवढ्यातच आहे, कधी वर यायचं आणि कधी खाली बसायचं.

त्याला कळतं कसं भरती लागली म्हणून? घड्याळ नाही, पंचांग नाही. भरतीबरोबर पाणी जास्त खारट होत जातं, ओहोटीबरोबर गोडाकडे सरकतं, हे त्याला अंगाला कळतं. वर पाणी चढलं की अंगावरचा दाब वाढतो तेही कळतं. आणि अंधार. दिवसा वर आलं की खाणारे टपलेले असतात, म्हणून बरीचशी पिल्लं रात्रीची भरती धरतात. फक्त कोळंबीच नाही, चिंबोरीची पिल्लं, बाहेर देशातले चपटे मासे, वाम म्हणजे ईल, कितीतरी जण हीच युक्ती वापरतात. इंग्लंडात सेव्हर्न नदीच्या मुखाशी ईलची काचेसारखी पिल्लं पकडणारे लोकसुद्धा वसंतात उधाणाच्या रात्रीच जाळी घेऊन काठावर बसतात, त्यांनाही कोणी पुस्तकातून शिकवलेलं नाही.

आता आपलं पंचांग काढा. तिथीची पाऊणपट, हे मला आबांनी शिकवलं होतं पाटीवर. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. रोज पाऊण तास पुढे, पुस्तकात पन्नास मिनिटं लिहिलंय, आबांचा फरक पाच मिनिटांचा. अमावास्या-पुनवेला दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास पूर्ण भरती, म्हणजे संध्याकाळी सहाला सुकती, पाणी सगळ्यात खाली. आपल्याकडे आत खाडीत मुंबईपेक्षा पाणी थोडं उशिरा चढतं तो फरक तुम्ही धरालच. यावरून काय निघतं ते बघा. आपल्या किनाऱ्याला उधाणाची भरती कायम संध्याकाळी सहा-सातला चढायला लागते आणि मध्यरात्री-एकला पूर्ण होते. म्हणजे उधाणाच्या दिवसाच्या दोन भरत्यांपैकी एक नेहमीच दिवेलागणीनंतरच्या काळोखात येते. पिल्लाला हवा असतो काळोख आणि हवं असतं जोराचं पाणी, आणि कोकणच्या या टोकाला दोन्ही एकाच वेळी मिळतात, महिन्यातून दोनदा. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी भरतीला, पाणी चढतंच, पण त्यात जीव नसतो, तिवरांच्या मुळांपर्यंत पोचतपण नाही धड.

जाता जाता एक. ते टीव्हीवाले पावसाळ्यात सांगतात ना, आज समुद्रात साडेचार मीटरच्या लाटा उसळणार, ते लाटांचं नसतं हो, भरतीची उंची असते ती. माझ्या सासूबाई दर वेळी ते ऐकून मला फोन करतात की माहेरी सगळं ठीक आहे ना.

तर ही उधाणं. आणि ती फक्त कोळंबीची नाहीत. जिताडा मासा घ्या, आपल्या तोंडी जास्त लवकर पाणी सुटतं. जिताड्याची गंमत म्हणजे तो तळ्यात वाढतो, गोड्या पाण्यात मस्त फुगतो, पण तळ्यात पिल्लं देत नाही, कितीही वर्षं ठेवा. त्याला त्यासाठी खाडीच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यात जावंच लागतं. आधी बहुतेक सगळे नर असतात, काही वर्षांनी मोठे झाले की मादी होतात, म्हणजे आपण जो मोठा धूड जिताडा व्याह्यांसाठी काढतो ती बहुतेक बाईच असते. अंडी सोडण्याची वेळपण चंद्रावर, अमावास्या-पुनवेच्या आसपास, भरती लागता लागता, म्हणजे अंडी आणि पिल्लं त्याच पाण्याबरोबर खाडीत ढकलली जातात. पावसाळ्यात हे सगळं चाललेलं असतं, आणि गणपती-नवरात्राच्या सुमाराला बोटाएवढी पिल्लं बांधाच्या कडेला, तिवरांत, उघाडीच्या आसपास दिसायला लागतात. आपल्या प्रत्येक घरामागच्या तळ्यातला जिताडा कोणीतरी याच दिवसांत घागरीत भरून आणलेला होता. किंवा स्वतःच आत आला होता.

स्वतःच आला होता, हे कसं? आपलं जुनं लाकडी दार गळकं होतं म्हणून! फळ्या फुगलेल्या, कोपऱ्यात एक फट, खाली तर खेकड्यांनी भोकच पाडलेलं. त्यातून भरतीला थोडं पाणी आत यायचं, पाण्याबरोबर पिल्लं यायची. उघाडीमागच्या नाळीत, म्हणजे आतल्या पाण्याच्या चरात, आम्ही लहानपणी बोई, कोळंबी, निवट्या, चिंबोऱ्या धरल्यात, त्या कुठून आल्या होत्या? कोणी सोडल्या नव्हत्या. आबा म्हणायचे, दार थोडं रडायला पाहिजे. आम्हाला वाटायचं म्हातारा दुरुस्तीचे पैसे वाचवतोय. (तेही असेल म्हणा थोडं.)

आणि आता आपण रबर लावतोय.

नाळीत पिल्लाला काय मिळतं म्हणाल तर सगळंच. पाणी उथळ, मोठा मासा शिरत नाही. गढूळ, वरून बगळ्याला दिसत नाही नीट. तिवराची पानं कुजून चिखल सुपीक, त्यावर शेवाळाचा पातळ थर, बोईची पिल्लं तो थर चाटत जातात, भरतीची पहिली जीभ चिखलावर सरकते ना, बोटभर पाणी, त्या बोटभर पाण्याबरोबर ती पुढे सरकतात, कारण तेवढ्या पाण्यात त्यांना खाणारा येऊच शकत नाही. कधी संध्याकाळी बांधावर बसून बघा, पाण्याची कड नुसती थरथरत असते. तिवराची ती टोकं, चिखलातून वर आलेली, त्यांच्यामध्ये ती शिरतात आणि पाणी उतरायला लागलं की परत नाळीत. दोन-चार महिने असं रोज दोनदा आत-बाहेर, खाऊन पिऊन कोळंबी बोटाएवढी झाली की मग निघते परत समुद्राकडे. आणि जाताना कशावर बसून जाते? ओहोटीवर. तीच गाडी, उलट्या दिशेची.

बोक्षीवाल्या पोरांनो, इथून पुढचं तुमच्यासाठी आहे, म्हणून जरा नीट वाचा. भरतीला आत येतात ती बारकी. ओहोटीला बाहेर जातात ती वाढलेली. पाण्यानेच चाळण करून ठेवलीये, तुम्हाला फक्त योग्य बाजूला उभं राहायचंय. तुम्ही मात्र काय करता, उधाणाच्या संध्याकाळी सहालाच खाडीच्या फाट्यावर बोक्षी बांधता, तीसुद्धा मच्छरदाणीची, आणि तोंड भरतीकडे. मागच्या वर्षी पितृपक्षाच्या अमावास्येला मी भाच्याबरोबर आले होते बघायला. कोलीम आलेली, चांगली आलेली, मी नाही म्हणत नाही. पण ती निवडून झाल्यावर बांधावर जो ढीग टाकला होता तो मी परातीत भरून घरी नेला आणि ट्यूबलाईटखाली बसून बघितला. बोईची पिल्लं, नखाएवढ्या चिंबोऱ्या, काचेसारखी कोळंबी कोलीममध्ये मिसळलेली, आणि जिताड्याची पिल्लंसुद्धा, डोळ्यात ती लाल चमक असते ना तीच. एवढ्याशा जिताड्याचं तुम्ही काहीच करत नाही, कोंबड्यांना घालता. दोन-तीन वर्षांनी त्याचं काय झालं असतं ते तुम्ही हिशोबाला माझ्यापेक्षा पक्के आहात.

मला माहितीये उत्तर काय येणार. पहिलं, आम्ही दहा बोक्ष्या लावून काय होतंय, बाहेर मोठ्या बोटी समुद्र खरवडून नेतात. खरंय. दुसरं, कारखान्यांचं पाणी सोडतात त्याचं बोला आधी. तेही खरंय, त्यावर वेगळं पत्र लिहीन, त्यात तुमच्या सह्या लागतील, तेव्हा पळू नका. पण मोठ्या बोटींना निदान जूनपासून बंदी असते, खाडीतल्या बोक्षीला कसलीच नाही. सरकारनी २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांची कमीत कमी लांबी ठरवून दिली, त्याहून लहान पकडायचा नाही म्हणून, पण तो कागद बंदरातल्या काट्यावर कामाचा, आपल्या बांधावर रात्री नऊ वाजता लांबी कोण मोजणार. म्हणून मी लांबीचं बोलतच नाही, वेळेचं बोलतेय. वेळ पाळायला पट्टी लागत नाही.

तिसरं उत्तर कमिटीतल्या एका काकांनी मला फोनवर दिलंच आहे, की जिताड्याचं बी, म्हणजे तळ्यात सोडायची पिल्लं, आता विकत मिळतं, मग खाडीची एवढी पडलीये कोणाला. मिळतं, चेन्नईच्या सीबा या खाऱ्या पाण्यातल्या मत्स्यशेतीच्या सरकारी संस्थेनी १९९७ मध्ये जिताड्याची पैदास करून दाखवली, आणि ज्यांना तळ्यात सोडायचंय त्यांनी विकत आणावं, चांगलंच आहे, खाडीवरचा भार कमी होईल. पण काका, बोईचं बी कोण विकत घेऊन खाडीत सोडणार? चिंबोरीचं? आणि गावातल्या ज्या आत्या रोज सकाळी पाटी घेऊन नाळीत उतरतात, संध्याकाळच्या कालवणापुरतं काढतात, त्यांच्या घरामागे तळं नाहीये. त्यांचं तळं म्हणजे ती नाळच.

आता दाराबद्दल एक गोष्ट जी मासे न खाणाऱ्यालासुद्धा पटेल. पाणी दोन्ही बाजूंनी येत-जात असलं की नाळ स्वतःला धुवून काढते. दार ठार बंद केलं की भरती दारापर्यंत येते, थांबते, गाळ टाकते आणि निघून जाते. असं रोज दोनदा. मग जुलैत आतलं पाणी बाहेर काढायची वेळ येते तेव्हा दारापुढे गुडघाभर चिखल, दार उघडतच नाही, आणि शेतात पाणी तुंबतं. खाऱ्या पाण्यानी नाही तर गोड्या पाण्यानी भात कुजतं. शेजारच्या एका गावात दार बसवल्यावर हेच झालं, आता दर मे महिन्यात जेसीबी आणतात, त्याचे पैसे कोण देतं यावरून भांडणं. आत पाणी साचून जलपर्णी आणि डास आले ते वेगळं.

बाहेर कुठे असं काही केलंय का, हे विचारणार हेपण माहितीये. केलंय. केरळात पोक्कळी शेती आहे, पावसाळ्यात भात, भात निघालं की नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत त्याच खाचरात भरतीचं पाणी घेतात, पाण्याबरोबर कोळंबीची पिल्लं येतात, ओहोटीला दारात जाळी लावून ती आत अडवतात, वाढवतात, आणि पावसानी मीठ धुवून गेलं की परत भात. गोव्यात खाजनातपण मानशीवर मासेमारीचा लिलाव होतो, गावाला त्यातून पैसे मिळतात. आपल्याकडे शेतात पाणी घ्या असं मी अजिबात म्हणत नाही, आमच्याच घरात मला जेवायला मिळणार नाही. पण नेदरलँड्सचं ऐका. तो देशपण मोठा खारेपाटच आहे, बराचसा भाग समुद्रापेक्षा खाली, बांधाच्या मागे, आणि बांधाच्या बाबतीत त्यांच्याइतकं कडक कोणी नाही. त्यांनी हारिंगव्लीट नावाच्या नदीमुखाला १९७० च्या सुमारास भलीमोठी दारं लावून समुद्र बंद केला. मासे आत यायचे थांबले. मग वर्षानुवर्षं वाद, शेतकरी विरुद्ध बाकीचे, अगदी आपल्यासारखे, आणि शेवटी २०१८-१९ पासून त्यांनी ती दारं भरतीलासुद्धा थोडी किलकिली ठेवायला सुरुवात केली. थोडीच. नदीला पुरेसं गोडं पाणी असेल तेव्हाच, आणि खारं पाणी एका ठरलेल्या रेषेच्या आत जाणार नाही एवढीच. सगळी भांडणं त्या रेषेवर मिटवली त्यांनी.

तर मला जे हवंय ते असं आहे, आणि ते एवढंच आहे. नवं दार बसवा, रबरासकट बसवा. पण बसवण्याआधी फिटरला सांगून त्यात खाली फूटभराची एक खिडकी ठेवा, वर-खाली सरकणारी पाटी असलेली, हाताने उघडता येईल अशी. वेल्डिंगचं अर्ध्या दिवसाचं काम आहे, दार लागल्यावर करायला गेलात तर दहापट खर्च येईल म्हणून आत्ता सांगतेय. आतल्या खांबावर नाळीच्या काठापेक्षा हातभर खाली एक लाल रेघ मारा. भात कापून झालं की, म्हणजे दिवाळीनंतर, ते मेपर्यंत, उधाणाच्या चार-चार संध्याकाळी भरती लागली की खिडकी उघडायची आणि आतलं पाणी लाल रेघेला टेकलं की बंद करायची. पाणी नाळीतच राहणार, शेताला शिवणार नाही. परदेशात याला तरंगता फुगा लावतात, पाणी चढलं की दार आपोआप पडतं, पण आपल्याकडे फुगा चोरीला जाईल, त्यापेक्षा माणूस बरा. भात उभं असताना, जून ते कापणी, खिडकी बंदच, त्यावर माझा काही वाद नाही. त्यात जिताड्याचे नेमके महिने हुकतात हे मला कळतंय आणि वाईट वाटतंय, पण आजीचा मातीचा खडा मला आठवतो, त्यामुळे मी ते मागणार नाही.

आणि पोरांकडे मागणं, श्रावणापासून दिवाळीपर्यंत, अमावास्येपासून तिजेपर्यंत आणि पुनवेपासून तिजेपर्यंत, चढत्या पाण्याला बोक्षी नको. पाणी फिरलं, ओहोटी लागली, की खुशाल बांधा, पण मोठ्या डोळ्याची, म्हणजे मोठ्या भोकांची. त्या रात्री कोलीम सगळ्यात जास्त मिळते, हे मला कळतं, मी तुमच्याकडे भांगाच्या मरतुकड्या रात्री मागत नाहीये, भरलेल्या रात्री मागतेय, म्हणून हे मागणं सोपं नाही. उघाडीच्या तोंडाला लावता ते जाळंपण जरा मोठ्या डोळ्याचं घ्या, तिथला लोंढा सगळंच ओढून आणतो, बारक्याला तिथे तळाशी बसायलासुद्धा जागा नसते. एक हंगाम करून बघा. फरक नाही पडला तर पुढच्या वर्षी मला गणपतीत बोलवून सगळ्यांसमोर सुनवा.

खिडकी कोण उघडणार-लावणार, हा प्रश्न कमिटीत येणारच, त्यावरच सगळं अडणार बघा, मासे आणि मीठ राहील बाजूला. माझा भाचा तयार आहे, दहावीला आहे, त्याची आई म्हणते परीक्षेपर्यंत नको. त्यानंतर तो. तोपर्यंत उघाडीशेजारी ज्यांचं घर आहे त्या दादांना विचारलंय, ते म्हणाले चहाची सोय करा, बघतो.

पटत नसेल तर वाद नको, बघायलाच या. येत्या अमावास्येला मी येतेय. संध्याकाळी सहाला, सुकती असताना, उघाडीच्या खाडीकडच्या पायरीवर. घरातली एक पांढरी परात किंवा जेवणाचं मोठं ताट आणा, स्टीलचं नको, त्यात दिसत नाही, आणि एक चांगली बॅटरी. पाणी फिरून तासभर झाला, चांगलं वाहायला लागलं, की बंद दाराच्या पुढचं तांब्याभर पाणी परातीत घ्यायचं आणि बॅटरी तिरकी मारायची, सरळ नाही. आधी काहीच दिसणार नाही, नुसतं गढूळ पाणी. मग डोळे चमकतील, जोडी-जोडीनं. मोजायला पोरांना बसवा.

तुमचीच,
वरच्या आळीतली माहेरवाशीण

ता.क. फिटरला ॲडव्हान्स दिला असेल तरी हरकत नाही, खिडकीच्या पत्र्याचे आणि वेल्डिंगचे पैसे मी देते, पावती माझ्या भावाकडे पाठवा.